चित्रसंग्रह
(प्राचीन चित्रे व मुद्राचित्रे)

कलामूल्य, ऐतिहासिक महत्त्व किंवा दुर्मिळता यांमुळे जतन करण्याजोगी वाटणारी जुनी चित्रे व मुद्राचित्रे हेतुपूर्वक मिळविणे, त्यांचे वर्गीकरण व नोंद करणे आणि ती सुरक्षित राखणे, या सर्व व्यवहाराला चित्रसंग्रह ही संज्ञा लावतात. जमविलेल्या चित्रांच्या समुच्चयालाही हेच नाव आहे. केवळ भिंती सजविण्यासाठी घेतलेली चित्रे म्हणजे संग्रह नव्हे. संग्रहात निवडीचे काही तत्त्व असावे लागते. ते एखादा कालखंड, शैली, विषय, प्रदेश किंवा तंत्र यांवर आधारलेले असते. प्रत्येक चित्र कोणाचे, कधीचे, कोठून व कोणाकडून आले, यांची लेखी नोंद हे संग्रहाचे दुसरे लक्षण होय.

चित्र आणि मुद्राचित्र यांत मूलभूत फरक आहे. तैलचित्र, जलरंगचित्र किंवा लघुचित्र हे एकच असते. मुद्राचित्र मात्र लाकूड, तांबे, पोलाद किंवा दगड यांवर कलावंताने सिद्ध केलेल्या ठशावरून कागदावर उमटविलेले असते आणि त्याच्या अनेक प्रती निघू शकतात. त्या सर्व प्रती ‘मूळ’ मानल्या जातात. अनेक प्रती निघत असल्यामुळे मुद्राचित्रे तुलनेने स्वस्त राहिली, दूरदेशी सहज जाऊ शकली आणि मध्यमवर्गीय माणसालाही त्यांचा संग्रह करणे शक्य झाले.

इतिहास : अथेन्सच्या अक्रॉपलिसवरील प्रवेशवास्तूच्या एका दालनात चित्रे मांडलेली असल्याची नोंद पॉसेनिअस या दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवाशाने केली आहे. यूरोपातील काही चित्रसंग्रहालयांना लाभलेले ‘पिनाकोथेक’ हे नाव अशा चित्रदालनाच्या ग्रीक नावावरून आले. चीनमध्ये सुंग वंशातील सम्राट ह्‌वेइत्सुंग (कार. ११००–२६) याने मोठा चित्रसंग्रह केला. सु. ११२० मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या सूचीत २३१ चित्रकारांच्या ६,३९६ चित्रांची नोंद आहे. ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांनी राजधानी घेतली व संग्रहाची वाताहत झाली. चित्रे बहुतांशी गेली, सूची मात्र उरली. चीनच्या चित्रकलेच्या इतिहासाचे ती आजही एक प्रमुख साधन आहे.

यूरोपात प्रबोधनकाळात राजे, सरदार, धर्मगुरू व सधन व्यापारी यांच्यामध्ये संग्रहाची आवड रुजली. चित्रकारही संग्राहक होते. जॉर्जो व्हाझारी (१५११–७४) याने इटालियन चित्रकारांची रेखाटने जमवून त्यांची संपुटे केली. रेम्ब्रँट (१६०६–६९) याच्याजवळ मुद्राचित्रांचा विपुल संग्रह होता. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाल्यावर त्याच्या घरातील वस्तूंची जी यादी करण्यात आली, तीवरून त्या संग्रहाची कल्पना येते. राजकीय उलथापालथीत संग्रह विखुरल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या वधानंतर (१६४९) त्याचा प्रसिद्ध चित्रसंग्रह विकण्यात आला व त्यातील अनेक चित्रे फ्रान्स, स्पेन आदी देशांत गेली. याउलट फ्रेंच राज्यक्रांतीत राजसंग्रह राष्ट्राच्या मालकीचा होऊन १७९३ मध्ये पॅरिसचे लूव्ह्‌र संग्रहालय जनतेस खुले झाले. खाजगी संग्रहाचे सार्वजनिक संग्रहालयात रूपांतर होण्याची प्रथा तेव्हापासून बळावली.

मुद्राचित्रसंग्रहाला शास्त्रीय बैठक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लाभली. व्हिएन्ना येथील आडाम बार्च (१७५७–१८२१) याने २१ खंडांत (१८०३–२१) यूरोपीय मुद्राचित्रांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. तिच्यातील क्रमांक संग्राहक अद्यापि वापरतात. जुने संग्राहक आपल्या प्रतींवर लहानसा शिक्का उमटवीत. अशा शिक्क्यांचा कोश फ्रिट्स लुख्ट या डच अभ्यासकाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. एखादी प्रत कोणाकोणाच्या हातून आली, हे त्यावरून कळू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होकुसाई (१७६०–१८४९), हिरोशिगे (१७९७–१८५८) इ. जपानी कलावंतांची रंगीत काष्ठठसा चित्रे यूरोपात पोहोचली. क्लोद मॉने, व्हिन्सेंट व्हान गॉख आदी चित्रकारांनी ती जमविली व त्यांचा प्रभाव आधुनिक यूरोपीय चित्रकलेवर पडला.

भारत : चित्रित पोथ्यांचे संग्रह जैन ग्रंथभांडारांतून आणि राजांच्या पोथीखान्यांतून पूर्वापार होत आले. सुटी चित्रे व सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून केलेल्या संपुटाला मुरक्का म्हणत. मोगल दरबारात अकबर व जहांगीर यांच्या काळी असे मुरक्के मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. १५८० मध्ये आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्प येथे छापलेला सचित्र बायबल ग्रंथ अकबराला भेट दिला. त्यानंतर यूरोपीय मुद्राचित्रे दरबारात येत राहिली. आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या मुद्राचित्रांवरून मोगल चित्रकारांनी अभ्यासचित्रे केली. तेहरान येथील गुलशन मुरक्क्यात यूरोपीय मुद्राचित्रे व त्यांवरून केलेली चित्रे भारतीय चित्रांच्या शेजारी आढळतात. चित्र पाहताच ते कोणत्या चित्रकाराचे हे आपण ओळखतो, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे.

हा प्रवास उलट दिशेनेही झाला. डच व्यापाऱ्यांमार्फत हॉलंडमध्ये गेलेल्या मोगल लघुचित्रांवरून रेम्ब्रँटने केलेली वीसहून अधिक रेखाटने उपलब्ध आहेत. त्याने पाहिलेल्या चित्रांपैकी काही पुढे व्हिएन्नाच्या शनब्रुन राजवाड्यातील एका दालनाच्या भिंतींत बसविण्यात आली. तेथील सजावटीच्या चौकटींत मावावीत म्हणून लघुचित्रांची कापाकापी करण्यात आली. सजावट आणि संग्रह यांतील भेद या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

विजापूर व जत परिसर : दख्खनमध्ये विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (कार. १५८०–१६२७) हा संगीत व चित्रकला यांचा थोर आश्रयदाता होता. फर्रुख बेग हा चित्रकार काही काळ त्याच्या पदरी होता. कॉर्नेलिस क्लास हेडा हा हार्लेमचा डच चित्रकारही त्याच्या सेवेत राहिला. यूरोपीय चित्रांची ओळख या दरबाराला अशी प्रत्यक्ष झालेली होती. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर तेथील चित्रे व ग्रंथ पांगले. नुजूम अल्‌-उलूम (१५७०–७१) ही विजापुरी सचित्र पोथी आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. इतर विजापुरी चित्रे लंडन व अन्य यूरोपीय आणि अमेरिकन संग्रहालयांत विखुरली आहेत. ज्या भूमीत ही चित्रशैली घडली, तेथील अभ्यासकाला तिचे उत्तम नमुने छापील प्रतिकृतींवरूनच पाहावे लागतात.

विजापूरच्या पश्चिमेस असलेला जत हा आजच्या सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुका याच सांस्कृतिक टापूत येतो. जतचे डफळे घराणे मूळचे आदिलशाहीतील देशमुख. मराठेशाहीच्या अखेरीनंतर जत हे औंध, फलटण, भोर व अक्कलकोट यांच्याबरोबर साताऱ्याच्या मांडलिक जहागिरींत गणले जाऊ लागले. १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. जत नव्याने निर्मिलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थानचा आटपाडी हा भागही आज सांगली जिल्ह्यातच आहे. सातारा जहागिरींच्या या लहानशा समूहातून देशोदेशींच्या चित्रांचा एक लक्षणीय संग्रह निर्माण झाला तो औंध येथे.

औंधचा संग्रह : औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. त्यांनी काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी मोठे अर्थसाहाय्य दिले व तीसाठी चित्रेही काढली. अजिंठा व वेरूळ येथील कलेवर त्यांनी ग्रंथ लिहिले. औंध हे उत्पन्नाने लहान संस्थान होते आणि त्याचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. बडोद्यासारख्या संपन्न संस्थानाप्रमाणे यूरोपातून नामांकित चित्रे एकगठ्ठा विकत आणणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून भारतीय चित्रकारांना आश्रय देऊन चित्रे करवून घेणे, जुनी लघुचित्रे मिळविणे आणि मुळे दुष्प्राप्य असलेल्या यूरोपीय चित्रांच्या व शिल्पांच्या चांगल्या प्रतिकृती जमविणे, असे तीन मार्ग बाळासाहेबांनी अवलंबिले.

या संग्रहासाठी औंध गावालगतच्या यमाईच्या डोंगरावर स्वतंत्र इमारत बांधण्यात आली व १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय सुरू झाले. राजस्थानी, पहाडी, मोगल व दख्खनी शैलींची लघुचित्रे, राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे, महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची चित्रे, बंगाल शैलीतील कामे आणि औंधच्या आश्रयाने वाढलेल्या चित्रकारांच्या कृती तेथे आहेत. वेदाभ्यासक म्हणून ख्यातनाम झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) हे मुळात चित्रकार होते. त्यांनी दीर्घकाळ औंधला वास्तव्य केले. संग्रहालयात त्यांचीही चित्रे आहेत. शिल्पविभागात षड्ऋतूंच्या मूर्ती आणि हेन्री मूर (१८९८–१९८६) या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प विशेष उल्लेखनीय होय.

औंधमधील प्रतिकृतींचे महत्त्व वेगळ्या दृष्टीने जाणून घ्यावे लागते. छायाचित्रणाच्या व रंगीत छपाईच्या प्रसारापूर्वी, मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला रॅफेएल किंवा लिओनार्दोच्या चित्राची रचना व रंगसंगती समजून घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता. यूरोपातील कलाशाळांमध्येही श्रेष्ठ चित्रांची नक्कल करणे हा शिक्षणाचा भाग असे. बाळासाहेबांनी चित्रकारांकडून करवून घेतलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींना तर दस्तऐवजाचे मोल आहे. भित्तिचित्रांची झीज होत राहते आणि नकलाही नष्ट होऊ शकतात. रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ पासून केलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या. त्यामुळे निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या नकलांचे प्रत्येक संच मोलाचे ठरतात.

१९३९ मध्ये बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. संस्थान विलीन झाल्यावर अनेक संस्थानिकांचे संग्रह वारसांत वाटले गेले किंवा बाजारात गेले. औंधचा संग्रह मात्र ज्या डोंगरावर मांडला गेला तेथेच राहिला. त्याची व्यवस्था पुढे महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आली. संग्रह महानगरात हलविला असता, तर पाहणाऱ्यांची संख्या वाढली असती. पण खटाव-माण-आटपाडी या पर्जन्यछायेतील टापूतील मुलांना असे चित्र पाहण्याचे एकमेव ठिकाण नाहीसे झाले असते.

महाराष्ट्रातील व मराठी भाषकांचे अन्य संग्रह : पेशवाईत नाना फडणीस (१७४२–१८००) यांना चित्रांची आवड होती. वाईजवळच्या मेणवली येथील त्यांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगविली. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार तयार झाला. वेल्सच्या वेरूळ येथील रेखाटनांवरून टॉमस डॅन्यल याने १८०३ मध्ये मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. नानांच्या संग्रहापैकी काही वस्तू पुरुषोत्तम मावजी यांच्या संग्रहात आल्या. तो संग्रह १९१५ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयमने (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) विकत घेतला. याच संग्रहालयाला सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून यूरोपीय तैलचित्रे मिळाली.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांनी वस्तुसंग्रहालयाला जोडून स्वतंत्र चित्रवीथी उभारली. तीसाठी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने यूरोपीय चित्रांची निवड केली. पहिल्या महायुद्धामुळे ही चित्रे इंग्लंडमध्येच अडकून पडली आणि चित्रवीथी १९२१ मध्ये खुली झाली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०) दप्तरांबरोबर जुनी चित्रेही जमविली. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सु. १९२० पासून केलेल्या संग्रहात पैठण शैलीची चित्रे, काचेवरील चित्रे व नित्योपयोगी कलावस्तू आहेत. कथेकऱ्यांनी जत्रांतून दाखविलेल्या पैठणी चित्रांच्या पोथ्या एकेकाळी कोणी कलावस्तू मानीत नसे. संग्राहकाने त्या वेळीच उचलल्या म्हणून त्या वाचल्या. कोल्हापूरच्या नगरभवनातील संग्रहालयात आबालाल रहिमान आदी कोल्हापूरच्या चित्रकारांच्या कृती पाहावयास मिळतात.

मुद्राचित्रांमध्ये भारतविषयक यूरोपीय संच संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. टॉमस व विल्यम डॅन्यल यांच्या ओरिएंटल सीनरी (१७९५–१८०८) या संचात १४४ चित्रे आहेत. रॉबर्ट ग्रिंडले याचा पश्चिम भारताच्या दृश्यांचा ३६ रंगीत चित्रांचा संच १८२६–३० मध्ये निघाला. देशी मुद्राचित्रांत पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची शिलामुद्रिते महत्त्वाची होत. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने हा छापखाना निघाला व देवदेवता आणि ऐतिहासिक पुरुष यांची त्याची चित्रे घरोघर पोहोचली. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. फ्रिट्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालविला. १९७२ मध्ये आगीत त्याची हानी झाली. या छापखान्याची चित्रे माजघरात व देव्हाऱ्यात लावली जात, त्यांवर जर व टिकल्या शिवल्या जात. वापरामुळे ती धुरकटली, फाटली व टाकून दिली गेली. लाखांनी छापलेल्या चित्रांच्या चांगल्या प्रती आज दुर्मिळ झाल्या, त्याचे कारण हेच.

पारख : जुन्या चित्राची पारख करताना विषय व शैली यांइतकेच द्रव्य व तंत्र यांकडे लक्ष द्यावे लागते. मुद्राचित्राचे तंत्र भिंगाखाली ओळखता येते. काष्ठठशात लाकडाचा उरलेला उंचवटा शाई घेतो, त्यामुळे रेषेच्या कडेला शाई किंचित दाबून साचलेली दिसते. तांब्याच्या पत्र्यावर हत्याराने कोरलेली रेषा टोकांना निमुळती होत जाते. अम्लरेखनात पत्र्यावरील मेणाच्या थरातून सुईने रेखाटन करून पत्रा अम्लात बुडवितात. त्यामुळे रेषा मुक्त व टोकाला बोथट येते. ॲक्वाटिंट तंत्रात राळेच्या भुकटीमुळे रंगच्छटेत बारीक कणीदार पोत निर्माण होतो. झेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या शिलामुद्रणात खडूच्या रेघेचा पोत दिसतो व पत्र्याच्या दाबाची खूण नसते. खोदीव पत्र्याची चित्रे छापताना ओल्या कागदावर पत्र्याच्या कडांचा चौकोनी ठसा उमटतो. तो नसेल, तर कागद कापला गेला असण्याचा किंवा चित्र आधुनिक यांत्रिक प्रतिकृती असण्याचा संभव असतो. भिंगाखाली सारख्या अंतरावरील ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, तर ती अर्वाचीन छपाई होय. कापडासारखा पोत उठवून रोगण चढविलेली जुनी रंगीत शिलामुद्रिते तैलचित्र समजून विकली जातात, हेही लक्षात ठेवावे.

एकाच पत्र्यावरून निघालेल्या प्रतींतही तरतम असते. छपाईच्या दाबाने पत्रा झिजतो, म्हणून आरंभीच्या प्रती ठसठशीत व नंतरच्या फिकट येतात. कलावंत मधूनमधून पत्र्यात बदल करी. अशा प्रत्येक टप्प्याला ‘अवस्था’ म्हणतात. रेम्ब्रँट व पिरानेसी यांचे पत्रे त्यांच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ छापले जात होते. कागदातील पाणचिन्ह कालनिर्णयास साहाय्यक ठरते. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात पुष्कळदा वर्षही आढळते. मात्र कागदाचे वर्ष ही केवळ पूर्वमर्यादा असते, कारण जुन्या कागदावर नवे चित्र काढता येते. फार्सी मजकुराच्या जुन्या पानांवर आज काढलेली ‘मोगल’ लघुचित्रे बाजारात सर्रास दिसतात.

प्रतिकृती व बनावट यांत फरक करणे आवश्यक आहे. नक्कल म्हणून सांगितलेली नक्कल ही अभ्यासाची वस्तू असते. तीच मूळ म्हणून विकली, की फसवणूक होते. इटालियन खोदकार मार्कान्तोन्यो राइमोंदी याने ड्यूररच्या काष्ठठसा चित्रांच्या नकला त्याच्या नाममुद्रेसह केल्या होत्या. यावरून हा प्रश्न मुद्राचित्रकलेइतकाच जुना असल्याचे दिसते. या बाबतीत खरा आधार चित्राच्या पूर्वस्वामित्वाचा अखंड लेखी पुरावा हाच होय. चित्रामागील चिठ्ठी, जुनी पावती, चौकट करणाऱ्याचे नाव, संग्राहकाचा शिक्का ही सर्व साधने म्हणून सांभाळावयास हवीत. नवी चौकट करताना जुनी पाठफळी टाकून देण्याची पद्धत त्यामुळे घातक ठरते. तसेच सचित्र ग्रंथ फोडून त्यातील पाने सुटी विकण्याने चित्र उरते, पण त्याचा क्रम, मजकूर व संदर्भ कायमचा तुटतो.

जतन : कागदावरील चित्रांचे प्रमुख शत्रू प्रकाश, दमटपणा, आम्ल व कीटक हे होत. प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. म्हणून जलरंगचित्रे व मुद्राचित्रे सु. ५० लक्स, तर तैलचित्रे सु. २०० लक्सपेक्षा अधिक प्रकाशात दीर्घकाळ ठेवीत नाहीत. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असणे इष्ट असते. कोकणात दमटपणामुळे बुरशी येते व कागदावर तांबूस डाग पडतात. जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात बुरशीचे भय कमी असले, तरी उन्हाळ्यात लाकडी चौकटी आकसतात, रंगांचे पापुद्रे सुटतात आणि धूळ साचते. पावसाळ्यात त्याच वस्तू पुन्हा फुगतात. या चढउतारानेच अधिक नुकसान होते. कसर व वाळवी यांसाठी भिंतीपासून थोडे अंतर राखून चित्रे टांगणे व वर्षातून दोनदा ती उतरवून मागील बाजू तपासणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. चित्राला आम्लविरहित पुठ्ठ्याची बैठक द्यावी, काच चित्राला टेकू देऊ नये, चिकटपट्टी वापरू नये आणि प्लॅस्टिकचे आवरण उष्णतेने चिकटवू नये. रंगाची डागडुजी घरी न करता तज्ञाकडे सोपवावी. पूर्ववत करता येणार नाही अशी कोणतीही प्रक्रिया करू नये, हे जतनशास्त्राचे मूलतत्त्व होय.

कायदा : भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षांपूर्वीची चित्रे व कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. लघुचित्रांसह जुनी चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी मालकाने करावी लागते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षे पूर्ण न झालेल्या, परंतु दिवंगत कलावंतांच्या विशेष मोलाच्या कृती ‘कलानिधी’ म्हणून घोषित करता येतात. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ टागोर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय इ. नऊ चित्रकारांच्या कृतींना असे संरक्षण मिळाले आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापारास आळा घालणाऱ्या यूनेस्कोच्या १९७० च्या करारास भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली.

कायद्याने चित्र देशात राहते, परंतु ते नाहीसे होण्यापासून वाचतेच असे नाही. महाराष्ट्रातील जुने वाडे, मठ व देवस्थाने यांत अद्यापि नोंद न झालेली चित्रे आहेत. वाटणी, स्थलांतर व वाड्यांची पडझड यांत ती सर्वप्रथम जातात. ती सर्व विकत घेणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. मात्र त्यांचे छायाचित्र, मापे, द्रव्य, स्थळ व घरातील परंपरागत माहिती यांची नोंद अल्प खर्चात होऊ शकते. ह्‌वेइत्सुंगाच्या चित्रांमागे उरलेली सूची आणि विजापूरच्या पांगलेल्या चित्रांमागे न उरलेली सूची, या दोन उदाहरणांवरून अशा नोंदीचे मोल ध्यानात येते. औंधच्या संग्रहाला इमारत, नोंद व सार्वजनिक व्यवस्था या तिन्ही गोष्टी लाभल्यामुळे तो संग्राहकाच्या पश्चातही टिकून राहिला.